क्योतोमधला जपानी चहाचा विधी: एक फसलेला, एक मनात राहिलेला

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आई आणि मी क्योतोमध्ये सहा दिवस होतो आणि तेवढ्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणी चानोयुला बसलो. चानोयु म्हणजे आपण ज्याला जपानी टी सेरेमनी म्हणतो ते. शब्दशः अर्थ चहासाठी गरम पाणी, बास, एवढाच. ही कला म्हणून शिकतात तेव्हा तिला सादो म्हणतात, म्हणजे चहाचा मार्ग. पहिल्या ठिकाणाहून बाहेर पडताना आई म्हणाली होती "बरं होतं गं", आणि तिचं "बरं होतं" म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. दुसऱ्या ठिकाणाहून निघाल्यावर ती बस स्टॉपपर्यंत एक अक्षर बोलली नाही आणि बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "माझ्यासाठी कुणी इतक्या मनापासून चहा केलेला मला आठवत नाही." दोन्ही ठिकाणी चहा तोच, माच्चाच, म्हणजे हिरव्या चहाच्या पानांची बारीक पावडर, मग फरक कुठे पडला ते नीट लिहायचंय, कारण जपानला जाणारे बरेच जण घाईघाईत पहिलं दिसेल ते बुक करतात आणि मग "काही विशेष नाही, कडू चहा असतो" असं सांगत फिरतात. मला फार वाईट वाटतं ते ऐकून.

पहिलं ठिकाण हिगाशियामा भागात, कियोमिझु देवळाकडे चढत जाणाऱ्या रस्त्यांच्या जवळ. नाव देत नाही. साइटवर रेटिंग उत्तम, फोटो सुंदर, माणशी ३,५०० येन, किमोनो हवा तर वेगळे पैसे, वेळ ४५ मिनिटं. आम्ही गेलो तर जिन्यावर आमच्या आधीची बॅच उतरत होती आणि आमच्या मागे पुढची बॅच चपला काढत होती. आत अठरा जण होतो. समोर एक मुलगी किमोनो घालून, कानाला माइक लावून इंग्रजीत समजावत होती आणि खरं सांगते ती मुलगी फार गोड होती, तिने समजावलंही छान, तिचा काही दोष नाही. पण तिने एकच वाडगा चहा बनवून दाखवला, तो सगळ्यांसमोर एकदा फिरवला, आणि मग आमच्या प्रत्येकासमोर आधीच पावडर घालून ठेवलेला वाडगा होता त्यात थर्मासमधून पाणी ओतलं गेलं, तीस सेकंद घुसळा, फोटो काढा, प्या, झालं. गोड पदार्थ प्लास्टिकच्या पाकिटात. साइटवर स्पष्ट लिहिलं होतं की यजमान तुमच्यासाठी चहा बनवतील, ते काही झालं नाही. चाळीस मिनिटांत आम्ही रस्त्यावर.

आता हे वाईट होतं का? लहान मुलं बरोबर असतील, हातात एकच दिवस असेल, किमोनोतले फोटो हवे असतील तर चालेल. आमच्या शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी होती, ती इतकी रंगून घुसळत होती की बघायला मजा आली. पण त्याला चानोयु म्हणू नये असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे आम्ही प्रेक्षक होतो, आणि चानोयुत प्रेक्षक नसतातच. यजमान असतो आणि पाहुणे असतात, आणि दोघांनाही आपापलं काम असतं. हे मला दुसऱ्या ठिकाणी कळलं.

दुसरं ठिकाण निशिजिन भागात. हा जुना विणकरांचा भाग, अरुंद गल्ल्या, लाकडी माचिया घरं, पुढून चिंचोळी आणि मागे लांबच लांब गेलेली. एका बाई त्यांच्या राहत्या घरातच करतात, एका वेळी जास्तीत जास्त चार पाहुणे, दीड तास, माणशी ९,००० येन. हो, महाग आहे, मी पण आधी दोन दिवस विचार केला. त्यांचं नाव आणि पत्ता इथे टाकत नाही, राहतं घर आहे त्यांचं. पण असं ठिकाण कसं ओळखायचं ते खाली लिहिलंय. बाई साठीच्या पुढच्या असाव्यात, उरासेन्के या चहाच्या एका जुन्या घराण्याच्या परंपरेतल्या शिक्षिका, मी पुढे त्यांना सेन्सेइच म्हणते कारण आम्ही तिथे तेच म्हणत होतो. त्यांची मुलगी इंग्रजी बोलते, ती भाषांतर करते आणि मी आईला मराठीत सांगायचे.

बुकिंग झाल्यावर जी मेल आली तिथूनच फरक जाणवला. कुणाला खाण्याची काही ॲलर्जी आहे का, गुडघ्यांचा त्रास आहे का, पांढरे मोजे बरोबर आणा, अंगठ्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवा कारण वाडग्याला ओरखडा पडू शकतो, अत्तर लावू नका कारण खोलीत धूप असतो आणि चहाचा वास पण असतो. मी आईच्या गुडघ्यांबद्दल लिहिलं होतं. अत्तराचं मला पटलं. बांगड्या काढायला आई आधी तयार नव्हती, मग मी तिला वाडग्याचं कारण सांगितलं तेव्हा काढल्या आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवल्या.

त्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेलेला, जून म्हणजे तिथला पावसाळाच, त्सुयु म्हणतात. तरी दारासमोरच्या फरशीवर पुन्हा ताजं पाणी शिंपडलेलं होतं. मुलीने सांगितलं की पाणी शिंपडलं म्हणजे यजमान तयार आहे, या, असा अर्थ. आधी एका छोट्या खोलीत बसवून पेल्यात नुसतं गरम पाणी दिलं, चवीचं काही नाही, फक्त पाणी, म्हणजे आज चहाला जे पाणी वापरणार आहेत त्याची आधी ओळख. मग मागच्या बागेतून जायचं. बाग म्हणजे जेमतेम दहा-बारा पावलांची, तिला रोजी म्हणतात, एकापुढे एक दगड ठेवून वाट केलेली, शेवाळ, एक मेपल. एका ठिकाणी वाट दोन्हीकडे फुटत होती आणि एका बाजूला मुठीपेक्षा जरा मोठा दगड, काळ्या दोरीने चौफेर बांधलेला, पायवाटेच्या मधोमध ठेवलेला. याचा अर्थ इकडून जाऊ नका. पाटी नाही, कुंपण नाही, एक बांधलेला दगड. आई तिथे थांबून बराच वेळ बघत होती.

मग त्सुकुबाई, जमिनीलगतचं दगडी पाण्याचं भांडं, तिथे खाली वाकून बांबूच्या पळीने आधी डावा हात, मग उजवा हात, मग चूळ. आणि मग निजिरिगुची. हे दार म्हणजे साधारण ६६ सेंटिमीटर उंच आणि ६३ सेंटिमीटर रुंद, उभं राहून आत जाताच येत नाही, गुडघ्यांवर बसून सरकत जायचं. गाभाऱ्यात वाकून शिरतो तसं, पण त्याहूनही खाली. जुन्या काळी सामुराईने पण तलवार बाहेरच ठेवायची आणि असंच वाकून आत जायचं, आत सगळे सारखे. आईच्या गुडघ्यांमुळे तिच्यासाठी बाजूचं मोठं दार उघडलं होतं, तेही काही न विचारता, न बोलता, नुसती ओंजळ पुढे करून "इकडून". मी निजिरिगुचीतून गेले. शेवटच्या पाहुण्याने दार सरकवून लावताना थोडासा टक असा आवाज करायचा असतो, त्या आवाजावरून आतल्या यजमानाला कळतं की सगळे आले. मी केला तो आवाज, आणि खरंच पलीकडून काहीतरी हललं.

खोली साडेचार तातामींची, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जाड गवती चटयांची, अंदाजे नऊ फूट बाय नऊ फूट. तातामीच्या कापडी कडेवर पाय द्यायचा नाही. आत गेल्यावर आधी कोनाड्यासमोर बसायचं, त्याला तोकोनोमा म्हणतात, तिथे लटकवलेली पट्टी बघायची, वाकून नमस्कार करायचा. पट्टीवर एकच अक्षर होतं, ताकी, म्हणजे धबधबा, आणि त्याचा शेवटचा फराटा कागदाच्या तळापर्यंत सरळ खाली सोडून दिलेला, शाई मधेच विरत गेलेली, वरून पाणी पडताना जसं तुटक होत जातं अगदी तसं. बाहेर दमट, आत पण दमटच, आणि ते अक्षर बघून मला खरोखर गार वाटलं. उन्हाळ्यात मुद्दाम हेच लावतात, पाहुण्याला गार वाटावं म्हणून. खाली वेताच्या परडीत एक घंटेसारखं लोंबतं फूल आणि दोन पानं. नाव होतारुबुकुरो, काजव्यांची पिशवी. म्हणे मुलं त्यात काजवे धरून ठेवायची. सेन्सेइंनी सकाळी बागेतनंच तोडलेलं.

आईला मुख्य पाहुणी केलं, शोक्याकु. वयाने मोठी म्हणून. आणि हे नुसतं मानाचं नाही, मुख्य पाहुण्याला बोलायचं असतं, सगळ्यांच्या वतीने विचारायचं असतं. आई पहिली पाच मिनिटं अवघडून बसली होती. तिच्यासाठी एक अगदी बुटकं लाकडी स्टूल ठेवलेलं, तातामीवर वळ पडू नये म्हणून खाली कापड, आणि उंची अशी की आई इतरांपेक्षा फार वर दिसू नये. ज्याने कुणी ते ठेवलं त्याने किती विचार केलाय ते बघा. आम्ही बाकीचे सेइझा घालून, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर. पंधरा-वीस मिनिटांत पायाला मुंग्या येतात, मुलगी स्वतःहून म्हणाली की मांडी घातली तरी चालेल, तेव्हा मी मांडी घातली.

मग गोड आलं. नियम असा की गोड आधी संपवायचं, चहा नंतर, चहाबरोबर खात बसायचं नाही. जूनमध्ये क्योतोत मिनाझुकी खातात, तेच होतं. तांदळाच्या पिठाचा पांढरा, उकडीसारखा मऊ पण जरा चिवट त्रिकोण आणि वर शिजवलेल्या लाल अझुकी दाण्यांचा थर. त्रिकोण म्हणजे बर्फाचा तुकडा. पूर्वी जूनच्या सुमारास दरबारातले लोक हिवाळ्यापासून साठवलेला बर्फ खायचे, सामान्य माणसाला तो मिळणं शक्य नव्हतं, मग त्याने बर्फाच्या आकाराची मिठाई केली, आणि लाल दाणे अमंगळ दूर ठेवायला. ३० जूनला वर्षाचा पहिला अर्धा भाग संपतो, त्या दिवशी क्योतोत घरोघरी हे खातात. काइशी नावाच्या कागदावर घेऊन लाकडी टोकदार काडीने कापून खायचं. गोडी अगदी बेताची.

शाकाहारी लोकांसाठी एक सांगते, हे वागाशी प्रकारातले बहुतेक पदार्थ डाळी, साखर, तांदूळ आणि समुद्री शेवाळापासून केलेला कांतेन यांचेच असतात, त्यामुळे साधारण काळजी नसते, पण काहींत अंडं असतं, आणि काही मिठायांत, उदाहरणार्थ जोयो मांजूमध्ये, यामाइमो नावाचा कंद घालतात. कंदमुळं न खाणाऱ्यांनी बुकिंगच्या मेलमध्येच विचारून घ्यावं. ऐनवेळी विचारलं तर यजमानाला फार अवघड होतं, कारण गोड आदल्या दिवशीच ठरवून आणलेलं असतं.

आता जे मला लिहायचंच आहे ते. सेन्सेइ आत आल्या, बसल्या, वाकल्या, आणि त्यानंतर बारा-पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही. मुलगीही नाही. पहिल्या ठिकाणी प्रत्येक हालचालीवर कॉमेंट्री होती, इथे काहीच नाही. आधी कमरेला खोचलेला रेशमी रुमाल, फुकुसा, काढला, घडी घातली, त्याने लाखेच्या डब्याचं झाकण पुसलं, मग बांबूचा तो बारीक वाकडा चमचा पुसला. चमचा पुसताना रुमाल चमच्यावरून पुढे जातो आणि चमचा जागच्या जागी राहतो, हात असा सरकला की मला श्वास रोखल्यासारखं झालं. वस्तू आधीच स्वच्छ होत्या हे सगळ्यांना माहीत असतं. पाहुण्यासमोर पुन्हा पुसायच्या, तुझ्यासाठी पुसते आहे, एवढंच. मला देवाची उपकरणी घासताना आजी असायची तशी आठवली, तीच शांतता, तोच हात.

मग आवाज. बिडाच्या भांड्यात, त्याला कामा म्हणतात, पाणी उकळत होतं, त्याच्या आवाजाला तिथे पाइनच्या झाडांतला वारा म्हणतात. मी आधी हे वाचलं होतं आणि कविता म्हणून सोडून दिलं होतं, पण खोलीत खरंच तसाच आवाज येतो, सूं करून, कमी-जास्त होत. उन्हाळ्यात मे ते ऑक्टोबर ही शेगडी जमिनीवर ठेवलेली असते, तिला फुरो म्हणतात, पाहुण्यांपासून लांब ठेवतात म्हणजे त्यांना झळ लागू नये. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत खोदलेली चूल उघडतात, रो, आणि ती पाहुण्यांच्या जवळ असते, ऊब मिळावी म्हणून. सेन्सेइंनी बांबूच्या पळीने गरम पाणी वाडग्यात ओतलं आणि नंतर गार पाणी त्या बिडाच्या भांड्यात ओतलं, आणि दोन्हींचा आवाज वेगळा आला! गरम पाण्याचा आवाज मऊ, जाडसर, गार पाण्याचा टणक, खणखणीत. इतकी वर्षं घरात पाणी ओततोय, कधी लक्षातच आलं नाही. मी आईकडे पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती, तिलाही तेच ऐकू आलेलं.

मग माच्चा. दोन चमचे, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, आणि पळीतलं थोडंच पाणी. चासेन म्हणजे बांबूची छोटी रवीच, एका अखंड बांबूच्या तुकड्यातून चिरत चिरत शंभरच्या आसपास बारीक काड्या काढलेल्या असतात. या रव्यांसाठी नारा भागातलं ताकायामा गाव शेकडो वर्षांपासून प्रसिद्ध आहे. पण आपल्या रवीसारखं गरागरा फिरवायचं नाही, मनगट सैल ठेवून पुढे-मागे, पुढे-मागे, जलद, तळ न खरवडता. सर्र सर्र सर्र असा आवाज, शेवटी हळू होतो, आणि रवी मधून सरळ वर उचलली की फेसाचा छोटासा उंचवटा राहतो.

पहिला वाडगा आईला. वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे करून ठेवतात. आईने शेजारणीला म्हणजे मला "ओसाकि नि" म्हणायचं, तुझ्या आधी घेते हं, मग यजमानाला "ओतेमाए चोदाइ इताशिमासु", तुमच्या हातचा चहा घेते. आईने आदल्या रात्री हॉटेलवर वीस वेळा पाठ केलेलं आणि एकदाही न अडखळता म्हणाली. वाडगा डाव्या तळहातावर ठेवून उजव्या हाताने दोनदा घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवायचा, कारण सुंदर बाजूवर ओठ लावायचे नाहीत. हा नम्रपणा मला फार आवडला, समोरच्याने मला सगळ्यात चांगली बाजू दिली आणि मी ती तशीच जपली. तीन-चार घोट, आणि शेवटचा घोट आवाज करून ओढायचा, म्हणजे यजमानाला कळतं संपलं. मग जिथे ओठ लावले ती कड बोटांनी पुसायची आणि बोटं कागदाला.

चवीबद्दल. दूध नाही, साखर नाही. पहिल्या घोटाला कडू, हिरवा, ओल्या गवतासारखा वास, आणि लगेच पाठोपाठ मिनाझुकीची जिभेवर राहिलेली गोडी त्याला भेटते आणि कडूपणा विरघळून एक खोल, भरलेली चव राहते. पहिल्या ठिकाणी नुसता कडूच लागला होता. कारण विचारलं तर सेन्सेइ म्हणाल्या की पाणी उकळतं नको, थोडं उतरलेलं हवं, ७५-८० अंशांच्या आसपास, आणि पावडर आधी चाळून घेतलेली हवी. त्यात माच्चाची पानं तोडणीच्या आधी तीनेक आठवडे सावलीत वाढवतात, ऊन कमी मिळालं की पानातला कडवटपणा कमी राहतो आणि ती गोडसर खोली वाढते. मग वाफवून, वाळवून, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळतात, आणि जातं इतकं हळू फिरवतात की तासाला जेमतेम ४० ग्रॅम निघतात. म्हणजे त्या एका डब्यामागे किती तास गेले ते बघा.

चहा पिऊन झाल्यावर वाडगा नीट बघायचा. उंच उचलायचा नाही, कोपरं मांडीवर टेकवून खाली वाकून बघायचं, पडला तरी थोडक्यात पडावा. आमचा वाडगा उथळ पसरट होता, उन्हाळ्यातला, चहा लवकर निवावा म्हणून, हिवाळ्यात उंच अरुंद वापरतात. उलटा करून तळ बघितला तर तिथे झिलई नव्हती, कच्ची खरखरीत माती, आणि काठाजवळ कुंभाराच्या बोटाचा ठसा. बोट तिथे ठेवलं तर बसतं. मी ठेवलं.

मग आईने विचारायचं. मुलीने हळूच सुचवलं की चमच्याचं नाव विचारा. आईने मराठीतच विचारलं, "या चमच्याचं नाव काय हो?" आणि मी इंग्रजीत, मुलीने जपानीत. सेन्सेइ म्हणाल्या "सामिदारे". आषाढातली संततधार म्हणावी तसा पाऊस. बाहेर त्याच क्षणी पाऊस पडत होता असं नाही, पण पागोळ्या गळत होत्या. चमच्याला नाव असतं आणि ते ऋतूप्रमाणे ठेवतात हे ऐकून आई इतकी खूश झाली की मग तिने फुलाचं, वाडग्याचं, चहाचं, सगळ्यांचं विचारलं. तिथून खोली मोकळी झाली, गप्पा झाल्या, शेवटी आम्हा प्रत्येकाला स्वतः घुसळायला दिलं. फोटो फक्त या शेवटच्या वीस मिनिटांत. मला ते अगदी योग्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चालत दाइतोकुजी देवळात गेलो, निशिजिनपासून जवळच आहे. आज जे चानोयु आपण बघतो त्याला आकार देणारा सेन नो रिक्यू, जन्म १५२२, साकाइ शहरातल्या व्यापारी घराण्यातला, आधी ओदा नोबुनागा आणि मग तोयोतोमी हिदेयोशी या त्या काळच्या बलाढ्य सत्ताधीशांचा चहागुरू. सोन्या-चांदीच्या दिखाव्याच्या जागी मातीचा काळा वाडगा, बांबूचा चमचा, दोन तातामींची खोली हे त्याने रुजवलं. त्याची म्हणून ओळखली जाणारी दोन तातामींची ताइआन नावाची चहाची खोली क्योतोजवळ यामाझाकीला अजून उभी आहे. आणि १५९१ मध्ये हिदेयोशीच्याच हुकमावरून त्याला पोट फाडून मरण घ्यावं लागलं. कारणांबद्दल बरंच बोललं जातं, त्यातलं एक हे की दाइतोकुजीच्या मोठ्या दरवाजाच्या माडीवर रिक्यूची मूर्ती बसवली होती, म्हणजे खालून जाताना हिदेयोशी त्याच्या पायाखालून जाणार. तो दरवाजा समोर उभा आहे, लाल, प्रचंड. आदल्या दिवशी ती खोली बघितली नसती तर मी फोटो काढून पुढे गेले असते. रिक्यूच्या नातवाच्या तीन मुलांपासून तीन घराणी झाली, ओमोतेसेन्के, उरासेन्के, मुशाकोजीसेन्के, आणि तिन्ही आजही क्योतोतच आहेत, याच भागाच्या आसपास. उरासेन्केत फेस भरपूर काढतात, ओमोतेसेन्केत कमी, एवढा फरक तर आपल्यालाही दिसतो.

जवळच कितानो तेनमांगु देऊळ आहे. तिथे १५८७ मध्ये हिदेयोशीने मोठी चहा-सभा भरवली होती, गरीब-श्रीमंत कुणीही या, किटली आणि वाडगा घेऊन या, असं आमंत्रण देऊन. आता तिथे दर महिन्याच्या २५ तारखेला बाजार भरतो. आम्ही पहिल्या ठिकाणच्या दुसऱ्याच दिवशी गेलो होतो, तेव्हा जुने वाडगे दिसत होते पण घ्यावेसे वाटले नव्हते, कारण काय बघायचं तेच माहीत नव्हतं. आता वाटतं उलट क्रमाने जायला हवं होतं. तुम्ही तसं करा.

दुसऱ्या ठिकाणी ज्या गोष्टी खटकल्या त्याही सांगते. घर सापडायला त्रास झाला, मॅप गल्लीच्या तोंडाशी सोडतो आणि पाटी फक्त जपानीत. दमट हवेत खोलीत उकडतं. गप्पांच्या वेळी भाषांतरात वेळ जातो. फक्त पातळ चहा मिळतो, उसुचा, घट्ट चहा म्हणजे कोइचा नाही. त्यासाठी पूर्ण चाजी करावं लागतं, जेवणासकट चार तासांचं. आणि तीन दिवसांच्या आत रद्द केलं तर पूर्ण पैसे जातात. दहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत.

बुक करताना काय बघायचं? किती पाहुणे एका वेळी, सहाच्या वर असतील तर मी जाणार नाही. यजमान प्रत्येकासाठी चहा करतात का, हे सरळ मेल करून विचारा, आम्हाला पहिल्या वेळी हेच विचारायला हवं होतं. एक तासापेक्षा कमी असेल तर सोडून द्या. तुम्हाला काही विचारतात का, पाय, पथ्य, ॲलर्जी, हे बघा, जे विचारतात तेच मग तयारी करतात. गुडघे दुखत असतील तर खुर्ची-टेबलाची सोय विचारायला अजिबात लाजू नका, खुर्चीवर बसून चहा करायची र्‍युरेइ पद्धत उरासेन्केच्याच अकराव्या प्रमुखाने १८७२ च्या क्योतो प्रदर्शनात परदेशी पाहुण्यांसाठी म्हणून बसवली, म्हणजे ती काही तडजोड नाही, परंपरेतलीच आहे.

बजेट कमी असेल तर उजीला जा. क्योतो स्टेशनवरून जेआर नारा लाइनने अर्ध्या तासाच्या आत. तिथे ब्योदोइन देवळाजवळ, नदीकाठी, ताइहोआन नावाचं नगरपालिकेचं चहाघर आहे, साधा उसुचा आणि ऋतूतली मिठाई, किंमत खासगी ठिकाणांपेक्षा पुष्कळ कमी. आम्ही चौथ्या दिवशी गेलो. बाग-बीग काही नाही, वेळ थोडा, पण चहा समोर बसून केला जातो आणि पाहुण्यासारखं वागवतात. ब्योदोइनचा १०५३ सालचा फिनिक्स हॉल म्हणजे दहा येनच्या नाण्यावरचा, तोही बघून होतो. उजीतच एक लहान माच्चाचा डबा आणि चासेन घेतला. डबा उघडला की फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा, रंग पिवळट झाला की चव गेली. चासेनला साबण लावू नका, नुसत्या कोमट पाण्यात घुसळून उभा वाळवा.

आई आता रोज दुपारी चारला करते. फेस अजून सेन्सेइंसारखा येत नाही, पण पाणी ओतताना ती थांबते आणि ऐकते, मी दारातून बघितलंय. परवा तिने विचारलं, "ती जमिनीतली चूल नोव्हेंबरात उघडतात ना गं? तेव्हा पाहुण्यांच्या जवळ असते म्हणाल्या होत्या." मी सेन्सेइंच्या मुलीला मेल केलाय. १० नोव्हेंबरनंतरच्या तारखा रिकाम्या आहेत, आणि या वेळीही गुडघ्यांचं तिनेच आधी विचारलंय.